बरडीची राखण

माझा आवाज मोठा आहे. मुद्दाम नाही, तो तसा झाला. सगळी नोकरी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये गेली. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं एकदा सुरू झाली की हाताच्या अंतरावरच्या माणसालाही छातीतून हाक मारावी लागते. फिटर म्हणून लागलो, फोरमन म्हणून निघालो. मी निवृत्त झालो, आवाज झाला नाही. बायको म्हणायची, "हळू बोला जरा, शेजाऱ्याले काय सांगून राहिले?" आता ती नाही. आता घरात मोठ्यानं बोललो काय आणि हळू बोललो काय, सारखंच आहे.

ती गेल्यावर अकोल्याचं भाड्याचं घर सोडलं आणि गावी आलो. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं की तिवशाच्या अलीकडे एक फाटा लागतो. तिथे उतरून आत चालत गेलं की आमचं गाव. बौद्ध वस्ती गावाच्या उगवतीला, आणि वस्तीतलं शेवटचं घर माझं. त्यापुढे घर नाही, बरड आहे. काळ्या शेतजमिनीच्या कडेला उरलेली मुरमाड, उतरती जमीन, तिला आम्ही बरड म्हणतो. ही कोणा एकाची नाही, साऱ्या गावाची; गुरं चरायला ठेवलेली.

मुलगी पुण्याला असते. रविवारी फोन करते आणि दर वेळी म्हणते, "बाबा, इकडे या ना राहायला." मी येतो म्हणतो आणि जात नाही. तिच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत, तिथे मला आजारी माणसासारखं कुजबुजावं लागतं. इथे निदान ओरडायला बरड होती.

मी आलो तेव्हा ती बघवत नव्हती. गुरांच्या खुरांनी आणि पावसानं मिळून तिची साल काढली होती. गवत म्हणून जे होतं ते बोटाएवढं, आणि तेही दगडांच्या आडोशाला. पाऊस तर आता कामावर उशिरा येऊन ओव्हरटाइम करणाऱ्या कामगारासारखा झाला आहे. पेरणी झाली की दडी मारतो आणि मग एका दुपारी सगळा राहिलेला कोटा पूर्ण करतो. ते पाणी बरडीवर थांबायचंच नाही. मुरूम घेऊन नाल्याला लागायचं, आणि आठवड्याभरात खालच्या विहिरींत पाहावं तर पाणी जैसे थे. उन्हाळ्यात बरड इतकी तापायची की तिच्यावरून येणारा वारा दुपारी माझं दार बंद करायला लावायचा.

दार मी बंद करायचो, पण कडी लावत नव्हतो. कारण त्याच वेळेला वैनी यायच्या.

वैनी म्हणजे गावच्या गायकी. गावातल्या सगळ्या घरांची गुरं एकत्र करून चारायला नेणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात आणि त्या कळपाला गोहन. हे काम त्यांच्या नवऱ्याचं. तो मला गावकीच्या नात्यानं मोठा भाऊ. तो वारल्यावर गावाला वाटलं आता दुसरा माणूस पाहावा लागेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वैनीच काठी घेऊन आखरावर उभ्या. आखर म्हणजे गुरं जमवण्याची मोकळी जागा. तेव्हापासून गोहन त्यांचं. दुपारी गुरं बरडीवर बसली की त्या माझ्या अंगणातल्या नळावर बाटली भरायला येत आणि कडुनिंबाखाली टेकत. कोणाची गाय गाभण, कोणाचा गोऱ्हा मारका, कोणाच्या घरून कालची भाकर करपलेली आली, असलं काहीबाही बोलणं. मी अकोल्याच्या गोष्टी सांगायचो. फार तर चहा होईतोवरचा वेळ. पण खरं सांगतो, माझा दिवस त्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा असा दोन भागांत मोडलेला होता.

मग गावात एका संस्थेची मुलं आली. चांगली मुलं होती, उन्हातान्हात हिंडली. त्यांनी ग्रामसभेत सांगितलं की ही बरड झाडांची नाही, गवताची आहे. गवत परत आणलं तर माती थांबेल, पाणी मुरेल, विहिरी टिकतील, जनावरांना चारा होईल, आणि हवेतला जो धूर जगाला तापवून राहिला आहे त्यातला काही त्या मुळांत जमिनीखाली जाऊन बसेल. मागून एक जण म्हणाला, "धूर अमेरिकेचा, अन् जागा आमची?" सगळे हसले. पण विहिरींचं म्हणणं पटलं. ठराव झाला: उतारावर आडव्या चऱ्या खोदायच्या, बचत गटाच्या बायांनी गवताचं बी गोळा करून टाकायचं, आणि गवत धरेपर्यंत बरडीवर चराई बंद.

बंदी म्हटली की राखणदार आला. कोण राखणार यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कोणीतरी माझ्याकडे बोट केलं.

"फोरमन हायेत ना. घर बरडीलेच लागून. अन् त्यायले घरी काय काम हाये?"

पुन्हा सगळे हसले, मीही हसलो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरी येऊन कुलूप काढताना ते वाक्य मला बोचलं. तरी मी हो म्हणालो होतो. गावानं काही मागितलं, तेच फार वाटलं मला. राखणदाराला चार माणसं भेटतील, विचारतील, असा माझा हिशेब होता.

हिशेब पार उलटा निघाला. राखणदाराला माणसं भेटतात ती भांडायला. पहिल्या पावसाळ्यात मी रोज कोणाची ना कोणाची गुरं वळवून लावत होतो. माझा आवाज असा की समोरच्याला वाटायचं मी त्याच्या बापाला शिव्या देतोय. "ढोरं काढा बाहेर" एवढंच म्हणायचो, पण ते पार वेशीपर्यंत ऐकू जायचं. लोक वाद घालायचे, मग तोंड फिरवायचे, आणि मग दिसलो की रस्ता बदलायचे.

त्यात एका जणाचं तोंड फिरवणं फार मनाला लागलं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याचं शेत बरडीला लागून, आणि त्याच्याकडे गावातली शेवटची म्हणावी अशी खिल्लारासारखी उंच बैलजोडी. ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा, पण बैल विकले नाहीत. रस्त्यात भेटलो की त्याचा रामराम आणि माझा जयभीम एकदमच निघायचे आणि दोघंही हसायचो. एका सकाळी त्याचे बैल नव्या कोंबांत शिरलेले दिसले. मी हाकलले. तो मागून धावत आला.

"माह्या बापापासून इथं बैलं चरून राहिले. तू कोन अडवनारा?"

"मी नाही अडवलं, ग्रामसभेनं अडवलं. तू होता ना सभेत?"

"होतो. हात बी वर केला होता म्या. पन बैलायले काय मालूम सभा?"

मला हसू आलं. हसायला नको होतं. त्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना वळवलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून ना रामराम, ना जयभीम.

आणि वैनी? गोहन आता गावाच्या दुसऱ्या अंगाला, कालव्याच्या काठानं जायचं. माझं घर त्या वाटेवर नव्हतं. सुरुवातीला मी दुपारी उगाच नळ चालू करून बघायचो, पाणी येतं का. पाणी येत होतं. मग मी दाराला कडी लावून झोपायला लागलो.

गवत मात्र आलं. पहिल्या वर्षी ठिपक्या-ठिपक्यांनी, दुसऱ्या वर्षी घोट्याला, नंतर गुडघ्याला. पवन्या आली, मारवेल आली, कुसळी आली. चऱ्यांत पाणी थांबलं, आणि नाल्याला लागून असलेल्या विहिरीत होळीनंतरही पोहरा बुडाला. तितर ओरडायला लागले. कार्तिकात ऊन तिरपं झालं की सगळी बरड पिकल्या गव्हासारखी दिसायची. मी फोटो काढून मुलीला पाठवले. तिनं अंगठा पाठवला. संस्थेची मुलं आली, माझ्यासोबत फोटो काढून गेली. मग संध्याकाळी मी त्या गवताच्या कडेला उभा राहिलो आणि मला अगदी स्पष्ट जाणवलं की इतकं सुंदर मी आयुष्यात काही राखलं नाही, आणि इतका एकटाही मी आयुष्यात कधी नव्हतो. जिनमध्ये आवाजामुळे कोणी बोलायचं नाही, पण माणसं तर होती.

ठरावात असं होतं की चरायला बंदी, पण कापून न्यायला मोकळीक. सभेत ते सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात सोयाबीन काढायचं की गवत कापायचं? आमच्या गावात कोणी कधी गायीला चारा कापून घातलेला नाही. गाय सकाळी दावं सोडलं की आखरावर जाते आणि संध्याकाळी आपली आपण गोठ्यात येते, हीच पद्धत. म्हशीला कापून घालतील, बैलाला घालतील. गायीला कोण घालतो? कालव्याच्या काठचा चारा संपला तशी लोकांनी एकेक गाय विकायला सुरुवात केली. गोहन विरळ होत गेलं. शेवटी एका सकाळी आखरावर इतकी थोडी गुरं आली की वैनींनी ती ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन बांधली आणि वरूडला लेकीकडे गेल्या. जाताना माझ्या घराकडे आल्या नाहीत. मला ते किराणा दुकानात कळलं.

गाय गेली तसं गवतही बिघडलं. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं, कारण बघायला माझ्याशिवाय होतंच कोण? चरणारं कोणी नाही म्हणून जुनं गवत वाळून जागच्या जागी उभं राहिलं. पाऊस पडला तरी त्या करड्या गचपणाखालून नवीन कोंब वर येईना. वरून दाट दिसायचं, हात घालून फाकवलं तर खाली काळपट आणि मेलेलं. मी संस्थेच्या मुलांना फोन केला. त्यांचं काम तोवर दुसऱ्या जिल्ह्यात सुरू झालं होतं.

मग फाल्गुनात आग लागली. पलीकडच्या शिवारात कोणीतरी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, वारा फिरला आणि ठिणगी बरडीवर आली. दुपारची वेळ. मी ओरडलो. त्या दिवशी माझा आवाज कामी आला, गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला म्हणतात. माणसं धावत आली. ओली पोती, पळसाच्या फांद्या, हाती येईल ते. बायांनी घागरींची रांग लावली. ज्यांनी माझं तोंड बघणं सोडलं होतं ते माझ्या खांद्याला खांदा लावून आग झोडपत होते. तो बैलवालाही होता. धुरात आमची नजरानजर झाली आणि दोघंही पुन्हा आगीकडे वळलो. अर्धी बरड जळाली, अर्धी वाचली. आग विझल्यावर सगळे माझ्या अंगणात बसले, नळाला तोंड लावून पाणी प्यायले, भुवया जळालेल्यांची थट्टा केली. किती दिवसांनी माझं अंगण भरलं होतं! मग संध्याकाळ झाली, माणसं घरी गेली. आणि लाज वाटते सांगायला, पण रात्री अंथरुणावर मनात आलं की अजून एकदा लागली तरी चालेल.

पावसाळ्यात गंमत झाली. जळालेली अर्धी बरड अशी हिरवीगार फुटली की रस्त्यावरून एसटीतली माणसं माना वळवून बघत. आणि न जळालेली अर्धी तशीच करडी, मेल्यासारखी. हे सगळ्या गावानं बघितलं, कोणी कोणाला समजवायची गरज राहिली नाही. पोळ्यानंतरच्या ग्रामसभेत सरपंचबाई म्हणाल्या, "दरसाल आग तं लावता येत नाही. मंग चरूच द्यावं, पन बेतानं." ठरलं असं की गवतानं बी टाकलं की बरड उघडायची, तिचे भाग पाडायचे, एका वेळी एकच भाग गुरांना, बाकीचे राखायचे. मागून एक जण म्हणाला की हे जमलं नाही तर सोलरवाल्यांना देऊन टाकू, ते विचारून गेलेच आहेत. त्यावर बऱ्याच माना हलल्या. म्हणजे हा शेवटचा डाव होता. मोकाट गुरांना भाग कळत नाहीत. बेतानं चारायचं तर गोहन हवं, आणि गोहन हवं तर गायकी.

"वैनीले आनतो मी," मी म्हणालो.

तिवशाहून मोर्शी आणि मोर्शीहून वरूड. गाडीत बसल्यापासून मी मनातल्या मनात बोलणी करत होतो. खोटं कशाला बोलू, त्यात गवत कमी आणि कडुनिंबाखालची दुपार जास्त होती. वरूडला संत्र्यांच्या आंबिया बहराचा हंगाम जोरात होता. रस्त्याच्या कडेला ट्रक लागलेले, ट्रॅक्टरमधून संत्री उतरत होती, हवेला सालीचा वास. लेकीच्या घरी कळलं की वैनी संत्री निवडायच्या शेडवर कामाला जातात; विचारत विचारत तिथे पोचलो. पत्र्याखाली संत्र्यांचे ढीग आणि प्रत्येक ढिगाभोवती गोल करून बसलेल्या बाया, मोठा माल एकीकडे, बारका एकीकडे, डागी मागे. हात यंत्रासारखे चालत होते आणि तोंडं त्याहून जोरात. एका गोलातून मोठं हसणं उठलं, आणि त्यात मला वैनी दिसल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळ्यांत हसून हसून पाणी. त्या इतकं हसतात हे मला माहीतच नव्हतं.

"अगं बाई, भाऊजी! या, बसा." मग शेजारणींना म्हणाल्या, "हे आमच्या गावचे. यायच्या नळावर पानी भराले जाओ मी."

मी क्रेटवर बसलो आणि सगळं सांगितलं. गवताचं, आगीचं, बरड उघडण्याचं. "वैनी, गोहन पुन्हा बांधू म्हनते गाव. तुमच्याबिगर कोनाले जमत नाही. तुमी चाला."

त्यांचे हात थांबले नाहीत. एक मोठं संत्रं इकडे, एक बारकं तिकडे.

"पाहा ना भाऊजी," त्या म्हणाल्या. "इथं सकाळपासून संध्याकाळलोक कोनाचं ना कोनाचं चालूच राह्यते. हे सुनेचं सांगते, थे नवऱ्याचं सांगते. दिवस कवा बुडाला समजत नाही. गायीमांगं कोन होतं माह्यासंगं? सकाळी गोहन हाकललं का संध्याकाळलोक मानसाचा आवाज नाही. घरी जाओ तं घरात बी कोनी नाही. कवा कवा मी गायीलेच इचारो, जेवली काय बाई तू?"

शेजारच्या बाया हसल्या. वैनी हसल्या नाहीत.

"नळावर याओ म्हनून तेवढं बोलनं होये," त्या म्हणाल्या.

"मले बी दिवसाचं तेवढंच बोलनं होतं, वैनी," मी म्हणालो. हळू बोलायचं होतं, पण ते सगळ्या शेडला ऐकू गेलं. पलीकडच्या गोलातल्या बायांनीही माना वळवल्या. वैनींनी पहिल्यांदा हात थांबवले. एक संत्रं सोललं आणि माझ्या हातात ठेवलं.

"मी नाही येत भाऊजी," त्या म्हणाल्या. "नाराज नका होऊ."

परतीच्या गाडीत मी ते संत्रं फोड फोड करून खाल्लं. नाराज झालो होतो, का नाही होणार? पण मोर्शीपर्यंत राग उतरला आणि तिवसा येईतो दुसरंच काही डोक्यात बसलं. त्या गावातून गेल्या ते चारा संपला म्हणून. परत येत नव्हत्या ते मात्र त्या कामात माणूस नव्हतं म्हणून. तेच काम मी आता दुसऱ्या कोणाला तसंच्या तसं देणार होतो. कोण घेणार? घेतलं तरी किती दिवस?

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो की गायकी मी होतो.

सभेत हसणं उठलं. "फोरमन ढोरं चारनार?" कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, "आवाज हाये माह्याजवळ. ढोरायले आवाजच लागते." हे मात्र पटलं. गायकीला गायीमागे मिळणाऱ्या धान्याचं जुन्याच पद्धतीनं ठरलं. मग एक म्हातारबाबा अगदी मायेनं म्हणाले, "अन् घरोघरची भाकर बी सुरू करू फोरमनले. वैनीले होती तशी. एकटा मानूस, कवा रांधन, कवा खाईन?" सगळ्यांनी माना हलवल्या.

माझे कान तापले. कोणाच्याही मनात खोट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. वैनींना ती भाकर मिळायची ती हक्काची होती, त्यांनी ती ताठ मानेनं घेतली. पण आमच्या घरात भाकर या शब्दाला दुसरी बाजू आहे. माझा आजा गावकीची कामं करायचा आणि दिवस मावळला की दारोदार भाकर मागायचा. वाढणारा हात वरून सोडायचा, झेलणारा खालून झेलायचा. छप्पन साली आजानं दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून ते बंद केलं. घरात उपास पडले, पण कोणाच्या दारात तो उभा राहिला नाही. वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी जिनमध्ये लागलो, पहिल्या पगाराचं धान्य आणलं, तेव्हा त्यांनी ज्वारी मुठीत धरून बराच वेळ बघितली होती. आता त्याच गावात, त्याच दारांची भाकर?

"भाकर नाही पाह्यजे," मी म्हणालो. आवाज चढला असणार, कारण पोरं खेळायची थांबली. "भाकरीच्या जागी मानूस द्या. ज्या दिवशी ज्या घरची पाळी, त्या घरचा एक मानूस दिवसभर माह्यासंगं गोहनामांगं चालन. नोकर नाही, घरचा. एकट्यानं हे काम होत नाही. वैनी काहून गेल्या, इचारा त्यायले."

बरीच कुरकुर झाली. आमी काय ढोरं चारावं काय, शेतीची कामं कोण करेल, पोरं तर अमरावतीला नोकरीला. पण सरपंचबाई म्हणाल्या की ज्याला गाय ठेवायची त्यानं पाळी द्यायची, नाही त्यानं सोलरच्या फळ्यांखाली दूध शोधायचं. बाया हसल्या, आणि पुरुषांना मग नाही म्हणवलं नाही. काहींनी पुन्हा गायी आणल्या. फार नाही, पण आखर अगदीच ओकंबोकं राहिलं नाही.

ज्यांची शेतं बरडीला लागून, त्यांच्यापासून पाळी सुरू करायची ठरलं. म्हणजे पहिलं घर त्याचंच, बैलवाल्याचं; त्याचीही एक गाय गोहनात होती.

पहिल्या सकाळी मी आखरावर उभा होतो. गुरं आली, एकेक दावं सुटून, वैनींना शोधत असल्यासारखी माना वर करून. माणूस काही येईना. मी म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी फसलं. काठी उचलून हाक दिली आणि गोहन हललं. बरडीच्या तोंडाशी आलो तर तो बांधावर उभा होता. धोतर खोचलेलं, डोक्याला दुपट्टा, हातात कापडात बांधलेली शिदोरी. माझ्याकडे न बघता तो कळपाच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि चालू लागला.

सबंध सकाळ तो तिकडे आणि मी इकडे. गुरं मधे. ती गवतात तोंड घालून इतक्या आवडीनं चरत होती की त्या चावण्याचा आवाज मलासुद्धा, या जिनच्या कानांना, ऐकू येत होता. एक कालवड राखलेल्या भागाकडे निघाली, त्यानं वळवली. दुसरी माझ्या अंगानं गेली, मी वळवली. मी काही बोलायचं जुळवत होतो आणि गिळत होतो. वाटलं, संध्याकाळपर्यंत हे असंच चालणार, आणि उद्याचं घर यापेक्षा वेगळं का असेल?

ऊन चढलं तशी गुरं बसली. मी एका पळसाखाली टेकलो. थोड्या वेळानं तोही आला, दुसरी सावली तिथे नव्हतीच. हातभर अंतर ठेवून बसला. कापड सोडलं. ज्वारीच्या भाकरी होत्या आणि वांग्याची कोरडी भाजी. त्यानं एक भाकर मोडली, अर्धी स्वतःपुढे ठेवली आणि अर्धी, तिच्यावर भाजी घालून, कापडावरून माझ्याकडे सरकवली.

मी बघत राहिलो. आजा आठवला, वडील आठवले. पण ही दारातून सोडलेली नव्हती. तो ज्या मुरमावर बसला होता त्याच मुरमावर मी बसलो होतो, आणि त्याच्याही धोतराला तीच कुसळं चिकटली होती. मी भाकर घेतली. घेऊन माझा डबा उघडला आणि दोघांच्या मधे ठेवला. दोन पोळ्या होत्या, कडा वाळलेल्या, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यानं विचारलं नाही, थांबला नाही. पोळीचा तुकडा तोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिला.

"कोनं केला?" त्यानं विचारलं.

"म्या."

"मीठ लय झालं," तो म्हणाला आणि पुन्हा डब्यात हात घातला. "अन् मिरची भाजली नाही बरोबर. कच्ची लागते."

बायको गेल्यापासून माझ्या रांधण्याला नाव ठेवणारं मला कोणी भेटलं नव्हतं. मी डबा त्याच्या अंगाला अजून थोडा सरकवला.